मुद्दल आणि तत्त्व यात कधी कुणाचा गोंधळ होतो का?

कालचीच गोष्ट, डोकं अजून तापलेलंच आहे. मामांच्या कर्जात जादा पैसे भरायचे होते, ते मुद्दलात जमा करा एवढाच दोन ओळींचा अर्ज. मामा त्यासाठी खानापूरहून सकाळची बस धरून बेळगावला आलेले. बँकेत इंग्रजीत लिहा म्हणाले म्हणून मी इंग्रजीत लिहिला. काउंटरवरच्या साहेबानं वाचला आणि मोठ्यानं हसून शेजारच्याला कन्नडात सांगितलं, बघा, ह्यांना पैसे तत्त्वात जमा करायचेत! अख्खी लाईन वळून बघायला लागली. का, तर प्रिन्सिपलच्या शेवटी ए एलच्या जागी मी एल ई लिहिलं. अहो, रक्कम आहे, खाते नंबर आहे, खाली मामांची सही आहे, पैसे कशात जातात ते शेंबडं पोर पण सांगेल की! पण नाही, नवीन लिहून आणा. आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली, आणि मामा बाकावर मान खाली घालून बसलेले. चूक माझी आणि मान त्यांची खाली.

मराठीत मुद्दल म्हणजे मुद्दल, तत्त्व म्हणजे तत्त्व, प्राचार्य म्हणजे प्राचार्य. इंग्रजीत तिन्ही कानाला एकच, त्यात मुद्दल आणि प्राचार्यांचं स्पेलिंग पण एकच, तत्त्वाचं तेवढं वेगळं. मोबाईल पण लाल रेघ मारत नाही, शब्द दोन्ही खरेच असतात ना.

शाळेत लूज मध्ये एक ओ का दोन म्हणून छड्या खाल्ल्यात आम्ही. हरवणं पण लूज, सैल पण लूज, सर स्वतः दोन्ही लूजच म्हणायचे, मग फरक कळणार कुठून? स्टेशनरीचं तेच, वह्या-पेनची ई आर वाय, जागेवर थांबलेली ए आर वाय, आणि मूळ दोघींचं एकच, एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. डिझर्टचा तर मला फार राग आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असलेल्या ह्या गावात पलटण सोडून पळाला म्हणणं केवढी मोठी शिवी, आणि इंग्रजीत ती शिवी आणि जेवणावरचा गोड कुंदा कानाला सारखेच, फरक फक्त एस एक का दोन!

मराठीत पण आहे की, जरा म्हणजे थोडं आणि जरा म्हणजे म्हातारपण. आहे, पण बोलताना ज वेगळा लागतो, आणि त्यावरनं कुणी कुणाचा अर्ज परत देत नाही.

त्या साहेबाशी मी कन्नडात बोललो, मामांशी मराठीत, दोन्ही नीट बोललो, त्याची किंमत शून्य. एका अक्षरावर अडाणी ठरलो.

पैसे दुपारी भरले एकदाचे. आज सकाळी सहाला मामांचा फोन, "पैसे मुद्दलातच गेले न्हवं रे? तो हसत होता म्हणून इचारलो." रात्रभर डोळा लागला नाही म्हणे त्यांचा.