ट्युरिंगला एकटं पाडणारा सिनेमा

२०१४ चा 'द इमिटेशन गेम' अजूनही कुणी 'प्रेरणादायी' म्हणून शेअर केला की मला राहवत नाही. बेनेडिक्ट कंबरबॅचने जीव ओतून काम केलंय, त्याबद्दल दुमत नाही. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञावर या सिनेमाने अन्याय केलाय आणि तो छोटा नाही.

सगळ्यात गाजलेला प्रसंग घ्या. संदेश उलगडणारं मशीन बनून तयार आहे, तासन्‌तास धडधडतंय, पण उत्तर सापडत नाही. मग पबमध्ये एक मुलगी एका जर्मन ऑपरेटरच्या सवयीबद्दल सहज बोलून जाते, ट्युरिंग उठून धावत सुटतो, 'हाइल हिटलर'सारखे ठरलेले शब्द मशीनला देतो आणि एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं सांकेतिक संदेशांचं यंत्र, फुटतं. बघताना अंगावर काटा येतो, पण तसं काही घडलंच नव्हतं. संदेशात अमुक शब्द असणार असा अंदाज बांधायचा, याला ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संदेश फोडण्याच्या केंद्रात 'क्रिब' म्हणत, आणि ट्युरिंगने 'बॉम्ब' या यंत्राची रचना मुळात त्यावरच केली होती. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात उमटत नाही. म्हणून अंदाजाचा शब्द सांकेतिक मजकुराखाली एकेक घर सरकवत न्यायचा. वरखाली एक जरी अक्षर सारखं आलं की ती जागा बाद. उरलेल्या जागांवरून अक्षरांच्या साखळ्या बांधायच्या आणि एनिग्मातल्या चक्रांच्या कुठल्या मांडणीत त्या टिकतात हे मशीनने तपासायचं. इतका सुंदर विचार त्याने आधीच केला होता. पटकथेत मात्र मशीन बांधून झाल्यावर त्याला तो योगायोगाने सुचतो!

आता 'एकटा विरुद्ध सगळे' हा भाग. पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने १९३२ मध्येच एनिग्माची आतली जोडणी गणिताने शोधून काढली होती. जुलै १९३९ मध्ये पोलिश गणितज्ञांनी वॉर्सोजवळ ब्रिटिशांना आपलं सगळं काम दाखवलं. ते बघायला गेलेल्यांत ब्रिटिशांच्या संदेश फोडणाऱ्या विभागाचे प्रमुख ॲलस्टर डेनिस्टन होते, ज्यांना सिनेमाने खलनायक केलंय. पहिलं बॉम्ब मार्च १९४० मध्ये चालू झालं. ते वेगवान झालं सहकारी गणितज्ञ गॉर्डन वेल्चमनने सुचवलेल्या 'डायगोनल बोर्ड' या जोडणीमुळे, आणि हा वेल्चमन सिनेमात नावालाही नाही. माणसं आणि साधनं कमी पडताहेत म्हणून २१ ऑक्टोबर १९४१ रोजी चर्चिलला पत्र गेलं, त्यावर ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी अशा चौघांच्या सह्या होत्या. सिनेमात पत्र एकट्या ट्युरिंगचं, आणि त्याचं बक्षीस म्हणून तो सगळ्यांचा बॉस होतो. चौघांनी मिळून वरिष्ठांना डावलून थेट पंतप्रधानांना लिहिणं यात नाट्य कमी होतं का?

ट्युरिंगची ब्लेचलीतली सहकारी जोन क्लार्क, तिचंही तेच. सिनेमात दाखवलंय तशी ती शब्दकोडं सोडवून तिथे पोचली नव्हती. केंब्रिजची गणिती होती, वेल्चमननेच तिला बोलावलं. बढती द्यायची तर बाईसाठी योग्य हुद्दाच नव्हता, म्हणून कागदावर तिला भाषातज्ज्ञ केलं. फॉर्म भरताना ती हुद्दा 'भाषातज्ज्ञ' आणि येणाऱ्या भाषा 'एकही नाही' असं लिहायची, आणि तिला त्यात मजा वाटायची. असा प्रसंग हातात असताना तो सोडून खोटी शब्दकोडी कशाला?

हे सगळं एकवेळ मनोरंजनाच्या खात्यात टाकता येईल. केर्नक्रॉसचं नाही. सिनेमात हा सोव्हिएत हेर ट्युरिंगच्याच टीममध्ये आहे. ट्युरिंग समलिंगी असल्याचं त्याला कळतं, तो धमकावतो आणि ट्युरिंग गप्प बसतो. प्रत्यक्षात केर्नक्रॉस वेगळ्या विभागात होता, दोघांची ओळख असल्याचाही पुरावा नाही. म्हणजे देशासाठी राबलेल्या माणसावर हेराला पाठीशी घातल्याचा ठपका, आणि तोही मनाने रचलेला. १९५२ मध्ये ट्युरिंगला समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवलं, हार्मोनची इंजेक्शनं घ्यायला लावली, आणि गुप्त कामाची परवानगीही काढून घेतली. अशा माणसाला कुणीही धमकावून देशाविरुद्ध वापरेल, हाच तेव्हाच्या सरकारांचा संशय होता. ट्युरिंगने आयुष्यात कधीही खरा न ठरवलेला तो संशय, त्याची बाजू घेतोय म्हणणाऱ्या सिनेमाने पडद्यावर खरा करून दाखवला.