केकचं कच्चं बॅटर : ‘अंडं नाही ना, मग चालतं’ म्हणणाऱ्यांना

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर केकच्या कृतीसोबत हा मेसेज पुढे ढकलला जातो : ‘कुंद्याची कढई खरवडून खातो, मग केकचं भांडं चाटलं तर काय बिघडलं? अंडं नसेल तर धोकाच नाही. फार तर मैदा भाजून घ्या, नाहीतर बॅटर फ्रिजमध्ये ठेवा.’

आधी कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. त्यातलं दूध उकळून, आटवून, परतून घेतलेलं असतं, म्हणून खरवडही शिजलेलीच. केकच्या बॅटरने विस्तव पाहिलेलाच नसतो.

‘अंडं नाही’ हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण मैदा हाही कच्चाच माल आहे. शेतात जनावरांच्या, पाखरांच्या विष्ठेतून गव्हाला ई. कोलाय किंवा साल्मोनेला असा पोटाचा आजार करणारा जंतू लागू शकतो. दळल्याने, चाळल्याने तो मरत नाही. गिरणीतून पीठ गरम येतं, पण तेवढी ऊब पुरत नाही. कोरड्या पिठात हे जंतू वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरतात. दूध-पाणी पडलं आणि भांडं ओट्यावर राहिलं की वाढायला लागतात. 2016 साली अमेरिकेत पिठातल्या ई. कोलायमुळे 24 राज्यांत 63 जण आजारी पडले. (चपातीच्या कणकेचा गोळा पोरं तोंडात टाकतात, त्यालाही हेच लागू.)

मैदा भाजण्याचं काय? ओलाव्यात जे जंतू 71 अंशांना झटपट मरतात, तेच कोरड्या पिठात त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसतात. कढईत पीठ सगळीकडे सारखं तापतही नाही. रंग बदलला, वास सुटला, यावरून जंतू मेले असं ठरवता येत नाही.

फ्रिजमध्ये वाढ मंदावते, फ्रीजरमध्ये थांबते. मरत मात्र कुठेच नाहीत.

अंडं घालणाऱ्यांपैकी काहींचा ‘गावठी आहे, शुद्ध आहे’ असा भरवसा असतो. साल्मोनेला गावठी-फार्म पाहत नाही. तो कवचावर असतो, कधी आतही. तडकलेलं अंडं घेऊ नका, फोडल्यावर हात साबणाने धुवा.

कुकरमध्ये केक करताना शिट्टी आणि रबर काढा, तळाशी मीठ पसरून 10 मिनिटं तापवा, मग सहा-सात इंची डबा मंद आचेवर साधारण 40 मिनिटं ठेवा. सुरी मधोमध खुपसा. कडेला कोरडी निघाली म्हणून उतरवू नका, कच्चेपणा मध्यभागीच राहतो. मुलांना चाटायला हवंच असेल तर गरम सायीत चॉकलेट विरघळवून द्या, मैद्याविना.

बॅटर खाऊन लगेच त्रास झाला नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. साल्मोनेलाची लक्षणं 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत कधीही दिसतात, ई. कोलायची बहुधा तीन-चार दिवसांनी. जुलाबात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा लहान मूल मलूल पडलं, तर ओआरएस पाजत तडक दवाखाना गाठा. जुलाब बंद करणारी गोळी किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक आपल्या मनाने देऊ नका : ई. कोलायच्या काही प्रकारांत त्यामुळे मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो.