कर्नाळ्याला गेलात की थोडं थांबा

अभयारण्य प्राण्यांइतकंच माणसालाही आसरा देतं हे अभयारण्यांवरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य अगदी पटलं, कारण मी पनवेलला राहतो आणि माझ्यासाठी ते कर्नाळा आहे. राज्यातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ मध्ये झालं, तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, २००३ मध्ये वाढवून बाराच्या आसपास केलं तरी एवढंसंच आहे हो, आणि मुंबई-गोवा हायवे अगदी पोटातून जातो.

बाबा गेले त्या वर्षी घरात बसवायचं नाही, मग मी पावसाळ्यात सकाळी सकाळी तिथे जायचो, गेटपासून थोडं आत गेलं की ट्रकचे हॉर्न मागे पडतात आणि शीळकरी कस्तूर हा पक्षी असा काही गातो की वाटतं कुणी माणूसच उगाच शीळ घालत चाललाय, मी पहिल्यांदा खरंच मागे वळून बघितलं होतं! भृंगराज पक्ष्याची ती लांब शेपटीची दोन पिसं दिसली की अजूनही तिथेच उभा राहतो. कुणाशी काही बोलावं लागत नाही, तेच हवं होतं तेव्हा.

पण रविवारी लोक ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतात त्याचा फार त्रास होतो, मला तर होतोच पण मे-जूनमध्ये घरट्यात पिल्लं असतात, त्यांनी कुठे जायचं? आजूबाजूला सगळीकडे टॉवर उभे राहतायत. प्लीज स्पीकर गाडीतच ठेवा, आणि जमलं तर एखाद्या मंगळवारी-बुधवारी जा.