मासा तेल बाहेर टाकतो, पण त्याची किंमत मोजून

तेलगळतीत सापडलेला मासा वर्षानुवर्षं विषारी राहतो, असं एका लेखात म्हटलं आहे; पण ते सरसकट खरं नाही. तेलातली पॉलिसायक्लिक (अनेक कार्बन-वलयं जोडलेली) संयुगं कल्ल्यांतून थेट रक्तात आणि खाद्याबरोबर आतड्यात शिरतात, तिथून यकृतात जातात. यकृतातलं सायटोक्रोम पी-४५० गटातलं विकर (एन्झाइम) त्यांना ऑक्सिजन जोडतं. मग ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं गेलं की ती पाण्यात विरघळू लागतात, पित्ताशयात साठतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. पाणी स्वच्छ झालं तर मांसातलं प्रमाण काही दिवसांत-आठवड्यांत उतरतं.

म्हणून नुसतं मांस तपासून 'माशाला तेल लागलंच नाही' म्हणू नये. पित्त तपासा, आणि मासा उपाशी होता की नुकताच खाल्लेला, हेही नोंदवा. खाल्ल्यावर पित्ताशय रिकामं होतं आणि पित्तातल्या या संयुगांचा आकडा फसवा, कमी येतो.

तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्यातल्या जीवांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ही विकरं फार दुबळी, शिवाय ती पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे तेल जास्त काळ टिकतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा जहाजातून सुमारे ८०० टन तेल सांडलं होतं. अशा वेळी बांगडा आणि कालवं यांना एकच नियम लावणं चूक.

आणि ही सफाई निर्धोक नाही. बेंझोपायरीन या अशाच एका संयुगाचं रूपांतर होताना मधेच तयार होणारा पदार्थ डीएनएला चिकटतो, त्यातून यकृतात गाठी होऊ शकतात. अंड्यातल्या गर्भाचं यकृत तर तयारही नसतं. तिथे अत्यल्प तेलानेही हृदयाची घडण बिघडते.