बोअरचं जलभंजन आणि गॅसचं फ्रॅकिंग एक नाही

सिन्नर-निफाडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेतल्या पेटत्या नळाचा व्हिडिओ फिरतोय. तिथे गॅससाठी फ्रॅकिंग करतात, म्हणजे खोल खडकात दाबाने पाणी, वाळू आणि रसायनं सोडून गॅस मोकळा करतात. सोबत मजकूर: ‘आपल्या बोअरवरही हेच करतात, पाणी विषारी होणार.’ हे खोटं आहे. जलभंजनात कमी पाण्याच्या बोअरमध्ये पॅकर (बोअर बंद करणारं रबरी बूच) उतरवून, तो फुगवून, खाली दाबाने साधं पाणी सोडतात. कातळातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. गॅसविहिरीतली रसायनं त्यात नसतात, आणि आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात) शेल गॅसही, म्हणजे शेल नावाच्या खडकात अडकलेला गॅस, नसतो.

पण म्हणून ‘फ्रॅकिंग निर्धोक आहे’ असं उत्तर देणारेही चुकतात. ड्यूक विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात पेन्सिल्वेनियात गॅसविहिरींपासून एक किलोमीटरच्या आतल्या पाण्यात मिथेन (पेट घेणारा वायू) जास्त सापडला, फ्रॅकिंगच्या द्रवाचा मात्र पुरावा मिळाला नाही. २०१४च्या पुढच्या अभ्यासाने बोट ठेवलं ते गॅसविहिरीचं सदोष केसिंग (आतला पोलादी पाइप) आणि त्याभोवतीचं सिमेंट यांवर; गॅस तिथून गळतो. म्हणजे धोका खरा, वाट वेगळी. शिवाय काही भागांत पाण्यात मिथेन मुळातच असतो. खोदाईआधीची तपासणी हाती नसेल, तर नुसत्या ज्वाळेवरून कुणालाच दोषी धरता येत नाही.

बोअरच्या पाण्याची शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. शेतात खतं भरपूर पडत असतील तर नायट्रेट आवर्जून तपासून घ्या.