प्रीमियम परत, व्याज मात्र बँकेच्याच खिशात

माझ्या भावोजींना बँकेचं पत्र आलंय. क्रेडिट कार्डावर लावलेल्या विम्याचे 11,340 रुपये ‘सद्भावनेपोटी’ परत करायला बँक तयार आहे. सोबतच्या कागदावर सही करायची, आणि सही केली की या विषयात भावोजींची कसलीही मागणी शिल्लक राहणार नाही. घरात सगळ्यांचं एकमत आहे, “मेळटा तें घे,” म्हणजे मिळतंय ते घे. बहिणीचं तर ठाम मत आहे की बँकेने पैसे देऊ केले हेच नवल, आता जास्त ताणू नये.

माझं म्हणणं वेगळं आहे. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. पण हिशेब सांगतो. सहकारी सोसायटीच्या वह्या जुळवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आकडा अर्धवट दिसला की मला गप्प बसवत नाही.

आधी हा विमा कसला ते सांगतो. कार्डधारक वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर कार्डावरची थकबाकी विमा कंपनी भरणार. नोकरी गेली तर काही महिने किमान रक्कम भरणार. ऐकायला चांगलं वाटतं. पण भावोजींचा धंदा खाणीवरच्या ट्रकचा. गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीत राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या, मग फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. दारात उभ्या ट्रकचा रोड टॅक्स, इन्शुरन्स, टायर, मुलांची फी, सगळं हळूहळू कार्डावर गेलं आणि महिन्याला फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरायची सवय लागली. या माणसाला नोकरी गेल्याचा विमा विकला! ज्याला नोकरीच नाही त्याची नोकरी जाणार कशी? आणि खाण बंद पडून धंदा बसला तर ते पॉलिसीच्या कुठल्याच कलमात बसत नाही. म्हणजे ज्या एका संकटाची इथल्या ट्रकवाल्याला धास्ती असते, तेवढंच नेमकं वगळलेलं.

विक्री झाली फोनवर. 2022 संपत आलं होतं. “सर, तुमच्या कार्डावर प्रोटेक्शन ॲक्टिव्हेट होतंय, पहिला महिना फ्री आहे.” हिंदीत, घाईघाईत. पॉलिसीचा कागद घरी आला नाही, ईमेलवरही काही नाही. दुसऱ्या महिन्यापासून स्टेटमेंटमध्ये एक ओळ यायला लागली. आणि प्रीमियम ठरावीक रकमेचा नव्हता, दर महिन्याच्या थकबाकीवर शेकडा अमुक असा होता, वर जीएसटी. थकबाकीत आधीचा प्रीमियम मिळालेलाच असतो, म्हणजे प्रीमियमवरही प्रीमियम. ज्याने ही योजना आखली त्याचं डोकं मानलं पाहिजे.

रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश एप्रिल 2022 मध्ये निघाले आणि 1 जुलै 2022 पासून लागू झाले. त्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीशी करार करून कार्डधारकाला विमा द्यायचा असेल, तर त्याची स्पष्ट संमती लेखी किंवा डिजिटल स्वरूपात घ्यायची, आणि नॉमिनीचा तपशीलही घ्यायचा. बँक म्हणते, तुम्ही फोनवर हो म्हणालात. आम्ही रेकॉर्डिंग मागितलं. ते अजून मिळालेलं नाही. मग मी दुसरा प्रश्न विचारला, नॉमिनी कोण आहे? उत्तरात त्यांनीच पाठवलेल्या छापील तक्त्यात नॉमिनीचा रकाना रिकामा. माणूस मेल्यावर पैसे देणारा विमा तीन वर्षं चालला, आणि तो मेल्यावर दाव्यासाठी कोणी यायचं हे विकणाऱ्याने विचारलंच नाही. माझ्या बहिणीला असा काही विमा आहे हे पहिल्यांदा कळलं ते यंदा, मी स्टेटमेंटं काढून बसलो तेव्हा.

आता मुद्द्यावर येतो. बँक म्हणते, जेवढा प्रीमियम घेतला तेवढा देतो. म्हणजे संपला ना विषय? नाही संपला.

हा प्रीमियम भावोजींनी खिशातून भरलेला नाही. बँकेने तो कार्डावर चढवला. ज्याची मागची बाकी पूर्ण फिटलेली नसते त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, नवी नोंद पडली की त्या दिवसापासून व्याज सुरू. दर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे 42. आणि न फिटलेलं व्याज पुढच्या महिन्यात पुन्हा व्याजाला लागतं. जीएसटी बाजूला ठेवा. असे चढवलेले 100 रुपये बाकीत राहिले तर वर्षाने त्यांचे 151 होतात, दोन वर्षांनी 228, तीन वर्षांनी 345. भावोजींचा हप्ता दर महिन्याला बदलत होता, पण सोयीसाठी सरासरी 315 रुपये धरून तीन वर्षांचा हिशेब मांडला तर 11,340 च्या प्रीमियमपायी खात्यावर चढलेला एकूण बोजा 22,000 च्या आसपास जातो. यातले साडेदहा हजारांहून जास्त निव्वळ व्याज. बँकेच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

भुसारी दुकानदाराने न मागितलेली तेलाची बाटली पिशवीत टाकली, उधारीच्या वहीत लिहिली, तिच्यावर तीन वर्षं व्याज लावलं, आणि पकडला गेल्यावर बाटलीची किंमत परत देऊन वर म्हणाला, बघ मी किती भला माणूस, तर आमच्या साखळी गावच्या बाजारात त्याची काय गत होईल? बँकेला मात्र आपण त्याबद्दल धन्यवाद द्यायचे!

म्हणून माझी मागणी ‘प्रीमियम परत करा’ अशी नाहीच. खातं पुन्हा मांडा, अशी आहे. प्रीमियमची एकही नोंद पडली नसती, आणि भावोजींनी भरलेल्या रकमा त्याच तारखांना तेवढ्याच भरल्या असत्या, तर आज बाकी किती असती? ती बाकी आणि आजची बाकी यातला फरक म्हणजे बँकेचं देणं. हे काम बँकेच्या संगणकाला अवघड नाही. त्यांना ते करायचं नाही, एवढंच.

ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. इंग्लंडात हाच प्रकार आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. कर्जासोबत आणि क्रेडिट कार्डासोबत ‘पीपीआय’ (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स) नावाचा असाच विमा लोकांच्या गळ्यात मारला होता. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना नोकरीचा विमा विकणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. बँका कोर्टात गेल्या आणि 2011 मध्ये हरल्या. दावे करायची शेवटची मुदत 29 ऑगस्ट 2019 होती, आणि एकूण परतावा 38 अब्ज पौंडांच्या वर गेला. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेल्या आमच्या गोंयकारांपैकी कोणी त्या काळात तिथे असेल तर त्याला विचारा, दाव्यांसाठी फोन करणाऱ्या कंपन्यांनी लोकांना किती पिडलं होतं ते. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते भरपाईचं सूत्र. कार्डाच्या बाबतीत प्रीमियम परत, त्या प्रीमियमवर कार्डाने लावलेलं व्याज परत, आणि ग्राहकाचे पैसे अडकून पडले असतील तितक्या काळाचं वर्षाला 8 टक्के सरळव्याज वेगळं. ग्राहकाला विमा विकलाच नसता तर तो जिथे असता तिथे त्याला नेऊन ठेवायचं. तिथल्या बँकांनीही सुरुवातीला कमी देऊन बघितलं असणारच, बँका सगळीकडे सारख्याच.

तिथलाच दुसरा नमुना म्हणजे कार्ड हरवण्याचा विमा. तो विकणाऱ्या ‘सीपीपी’ या कंपनीला 2012 मध्ये एक कोटी पाच लाख पौंड दंड झाला. चोरीला गेलेल्या कार्डावरचा जो खर्च मुळात बँकेनेच सोसायचा, त्यासाठी लोकांकडून पैसे घेतले होते. आपल्याकडेही ‘कार्ड प्रोटेक्शन प्लॅन’ जोरात विकले जातात, म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने तुमच्या खात्यातून व्यवहार झाला आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. पिन किंवा ओटीपी स्वतःच सांगून बसलात तर गोष्ट वेगळी. मग प्लॅन नक्की कशाचा घ्यायचा?

बँकेच्या बाजूने एक मुद्दा आहे, आणि बहिणीनेही तोच काढला. तीन वर्षं विमा होता ना? त्या काळात काही वाईट झालं असतं तर कंपनीने पैसे भरलेच असते. मग प्रीमियम फुकट कसा गेला? ज्याने समजून-उमजून असा विमा घेतला, त्याने काही झालं नाही म्हणून प्रीमियम परत मागू नये, हे मला मान्य आहे. पण ज्या विम्याचा कागद घरात नाही, नॉमिनी नोंदलेला नाही, बायकोला पत्ता नाही, त्याच्यावर दावा कोण करणार होतं? बँक आपणहून फोन करून सांगणार होती का?

शाखेतल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने चहा पाजला, आणि कार्डाचं सगळं मुंबईहून चालतं म्हणाला. त्याच्या मागे टार्गेट आहे, त्याच्या मॅनेजरच्या मागे त्याहून मोठं. पण म्हणून आपण सही करायची नाही.

आता पुढे काय, ते विचारणाऱ्यांसाठी. पहिलं, बँकेने मागणी अंशतः नाकारली म्हणजे ती तक्रार अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे नाकारलेल्या तक्रारी पुन्हा तपासणाऱ्या बँकेतल्याच अधिकाऱ्याकडे, जायला हवी आणि मगच अंतिम उत्तर यायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या पत्रात त्याचा मागमूस नव्हता. मी लेखी विचारलं, हे उत्तर अंतर्गत लोकपालाने पाहिलंय का? त्यानंतर पत्रांची भाषा एकदम मऊ झाली. दुसरं, बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली चालतच नाही. मात्र ती ठरलेल्या मुदतीच्या आत करायची. झालेल्या मनस्तापासाठी आणि वेळेसाठी त्या योजनेत वेगळी भरपाईही मागता येते. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, उत्तर गोव्यासाठी पर्वरी, दक्षिणेसाठी मडगाव, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथेही फी नाही. पण दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात तेच प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. आम्ही आधी लोकपाल ठरवलंय.

आणि सहीचा कागद. बँकेला आम्ही असं लिहून दिलंय की 11,340 रुपयांबद्दल तुमचा-आमचा वाद नाही, ते आजच खात्यात जमा करा. उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून आम्ही ते स्वीकारू. वादच नसलेली रक्कम सहीसाठी अडवून का ठेवायची, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. मधे एकदा फोन आला, आकडा थोडा वाढवून मिळेल, पण कागद तोच. भावोजी डगमगले होते. मी म्हटलं, वाढवलेला आकडा कुठल्या हिशेबाने आला तेवढं विचारा. फोनवरच्या बाईला ते सांगता आलं नाही.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी आज रात्री स्टेटमेंटची पीडीएफ उघडा. एकूण रक्कम नको, खालच्या ओळी वाचा. ‘शील्ड’, ‘प्रोटेक्ट’, ‘सिक्युअर’, ‘सीपीपी’, ‘इन्शु. प्रीम.’ असलं काही दिसलं आणि तुम्ही ते मागितल्याचं आठवत नसेल, तर फोन करू नका. फोनवर बोललेलं त्यांच्याकडे राहतं, आपल्याकडे नाही. ईमेल करा, तीन गोष्टी मागा: संमतीचा पुरावा, पॉलिसीचा कागद, नॉमिनीचं नाव. जुनी स्टेटमेंटं ॲपमध्ये दिसेनाशी झाली असतील तर तीही त्याच ईमेलमध्ये मागून घ्या. आणि डिचोली-सत्तरीतल्या ट्रकवाल्यांपैकी कोणाला व्याजाचा तक्ता मांडून हवा असेल, तर मला सांगा, रविवारी मी घरी असतो.