"लहान यंत्र गळ्यात मारलं" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आधी माफी मागतो. सुट्टीच्या दिवसांत तुमचे तीन फोन कोणी उचलले नाहीत आणि आमचा माणूस चौथ्या दिवशी पोचला. ड्रायर अडला की ओल्या कपड्यांचा ढीग कसा चढत जातो हे मला ठाऊक आहे, म्हणून सबब सांगत नाही. छतावर लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंचा भुसा, उडाला तोही आमचाच दोष. आमच्या लिंट कलेक्टरच्या, म्हणजे ड्रायरच्या हवेतला हा भुसा अडवणाऱ्या यंत्राच्या, जाळीच्या चौकटीचं रबर एका कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं, ते त्याच दिवशी बदललं.

पण "लहान यंत्र मोठ्याच्या भावात गळ्यात मारलं, टॉवेल वाळायला ३५ मिनिटांऐवजी ५५ लागतात" असं तुम्ही लिहिलंत. ते मला फार लागलं. हे वाचून उद्या दुसरा लाँड्रीवाला आमच्याकडे वळणार नाही, म्हणून जे झालं ते सविस्तर सांगतो.

लिंट कलेक्टर निवडताना ड्रायर किती यापेक्षा हवा किती हे बघावं लागतं. तुम्ही मागणीपत्रात तीन ड्रायर लिहून दिले होते. प्रत्येकाच्या माहितीपुस्तकातून तो ताशी किती घनमीटर हवा बाहेर टाकतो ते काढलं. तिन्ही एकाच वेळी चालतील असं धरून बेरीज केली, वर थोडी जागा राखली. डक्टची, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळाची, लांबी आणि वळणं मी स्वतः टेप घेऊन मोजली. बऱ्याच ड्रायरच्या पंख्याला बाहेरच्या वाटेत ७५ पास्कलच्या आसपासच अडथळा झेपतो, म्हणजे जेमतेम पाऊण सेंटिमीटर उंच पाण्याएवढा दाब. डक्ट, वळणं, जाळी आणि जाळीवर बसणारा लिंटचा थर, सगळं तेवढ्यात बसवायचं असतं. यंत्र सुरू करून दिलं त्या दिवशी तिन्ही ड्रायर चालू असताना अडथळा ५० पास्कलच्या खाली होता. त्या नोंदीवर तुमच्या सुपरवायझरची सही आहे.

आमचा माणूस आला तेव्हा त्याच डक्टला चौथा ड्रायर जोडलेला होता. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. चार ड्रायरची पूर्ण हवा तीनच्या डक्टमधून न्यायची तर तिचा वेग एक तृतीयांशाने वाढायला हवा आणि डक्टमधला अडथळा पावणेदोन पट होतो. पंख्यांना ते झेपत नाही, म्हणून चारही ड्रायरची हवा कमी होते. ओल बाहेर जात नाही. हवा फारच कमी पडली की सुरक्षेसाठी बसवलेला स्विच हवा तापवणारा बर्नर बंद करतो, मग पुन्हा चालू, पुन्हा बंद. तुमची ती वीस मिनिटं तिथे जातात साहेब. शिवाय चौथ्याच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारी झडप नाही. तो बंद असला की बाकीच्या तिघांची गरम, दमट हवा त्याच्यात शिरते.

तुम्ही सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून लिंट वेगळा करणारं यंत्र, मागितला होता आणि मी नको म्हटलं, तेही अभिप्रायात आलंय. सायक्लोनला हवेचा वेग कायम लागतो. तुमच्याकडे सकाळी एकच ड्रायर चालतो, तेव्हा वेग पडला असता आणि हलका लिंट सरळ बाहेर गेला असता. पाण्याच्या फवाऱ्याच्या यंत्राला सतत पाणी, निचरा आणि ओला गाळ उपसायला माणूस लागतो. म्हणून जाळीचं यंत्र दिलं. ते दिलं ते महाग होतं म्हणून नव्हे.

एक गोष्ट मात्र मी विचारायला हवी होती. तुमचे टॉवेल नवे कोरे आहेत आणि नवे टॉवेल पहिल्या काही धुण्यांत भरपूर लिंट सोडतात. दिवसातून एकदा जाळी साफ करा असं मी सांगितलं होतं. सध्या ते पुरणार नाही, प्रत्येक पाळीला करा. हे आधी सांगितलं नाही ही माझी चूक.

यापुढे सुट्टीच्या दिवशीही फोन घ्यायला कोणीतरी ठेवायचा विचार आहे, सर्व्हिसचंही बघतो. चार ड्रायरचा हिशेब नव्याने करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

तोवर एवढं ऐका. चौथा ड्रायर वळ्यावळ्यांच्या लवचीक पाइपने जोडलाय. त्या वळ्यांमध्ये लिंट अडकून बसतो आणि कोरडा लिंट ठिणगीसरशी पेटतो. अभिप्राय ठेवा किंवा काढा, पण मी येऊन गुळगुळीत पत्र्याचा स्वतंत्र डक्ट टाकेपर्यंत तो ड्रायर कृपया चालवू नका.